मूल्यं बदलतायत, मग चर्चनं काय करावं?

लिव्ह-इन, घटस्फोट, समलिंगी नाती हे सगळं आता घराघरात येऊन ठेपलंय, तेव्हा ख्रिस्ती चर्चनं काळाबरोबर जावं की जुनं धरून ठेवावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातला, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा सभासद. पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा स्थानिक कारभार बघणाऱ्या समितीत बसून मंडळीतली भांडणं मात्र भरपूर ऐकली आहेत, तेवढ्या अधिकारात लिहितो.

चर्च म्हणजे जुन्याचा पहारेकरी हे तुम्ही गृहीत धरलंय. पुण्यात तरी ते कायम तसं नव्हतं. १८९० मध्ये पंचहौद मिशन या इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. रानडे आणि टिळक दोघेही त्यात अडकले, शंकराचार्यांकडून चौकशी झाली, प्रायश्चित्तं ठरली. त्या काळी शहराची मूल्यं बिघडवणारी जागा म्हणून बोट दाखवलं जायचं ते आमच्याकडे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. विधवांना शिकवायचं, हेच मुळात अनेकांना झेपत नव्हतं. पुढे सदनातल्या मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील असं सांगितलेलं होतं, त्यामुळे त्यांची नाराजी मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. पण रमाबाईंचं मला जास्त भावतं ते वेगळंच. बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चर्चपुढेही मान तुकवून राहिल्या नाहीत. इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन या ननशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद वाचा. पुरोहितांचा अधिकार झुगारून आलेली बाई पाद्रीसाहेबांचा अधिकार डोळे मिटून कशी मानेल?

आता उलट बाजू, आणि ती आमच्या मंडळींना आवडणार नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र साधारणपणे व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसता मार खाणं पुरेसं नव्हतं! मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ मध्ये त्यातला काही भाग घटनाबाह्य ठरवला आणि संसदेनं २००१ मध्ये कायदा बदलला. बदलासाठी ख्रिस्ती महिला संघटना झटल्या, काही चर्चनेत्यांनीही साथ दिली. पण इतकी वर्षं किती बायकांना 'सहन कर, प्रार्थना कर' एवढंच सांगितलं गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याच उपासनेत मांडला जात नाही. विवाह पवित्र आहे हे मीही मानतो. त्या पावित्र्याचं ओझं एकट्या बाईच्या पाठीवर टाका, असं पवित्र शास्त्रात मला तरी सापडलेलं नाही.

म्हणून 'बदलावं की नाही' यापेक्षा मी आधी हे विचारीन की आपण जपतोय ती शिकवण आहे की नुसती चालरीत. जातीचंच बघा. व्यासपीठावरून आपण सगळे एका ख्रिस्ताची लेकरं, आणि स्थळ बघायला गेलं की चहा यायच्या आत 'मूळचे कुठले, कोणाचे' सुरू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. दलित ख्रिस्तींनाही यादीत घ्या, या मागणीच्या निवेदनावर सह्या करायला आम्ही रांगेत उभे राहतो, पण मुलीसाठी स्थळ बघताना ते निवेदन कोणाला आठवत नाही. इथे बाहेरची संस्कृती आम्हाला बिघडवत नाहीये, आम्हीच ती जपून ठेवली आहे.

समलिंगी नात्यांबद्दल चर्चांमध्ये एकमत नाही. कॅथलिकांमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये रोमनं अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, विवाहविधीला नाही, आणि तेवढ्यावरूनही जगभर वाद झाला. विवाहविधीबद्दल माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही. पण मुलानं घरी सांगितल्यावर आईबाप रात्री पाळकाकडे जातात, आणि रविवारपर्यंत ती गोष्ट महिला मंडळात पोचलेली असते, याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. ज्या पाळकाच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्यानं मूल्यांवर प्रवचन देऊ नये.

तरुण मुलं चर्च सोडतात ती शिकवण जुनी आहे म्हणून, असं आमचे ज्येष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. तरुण संघात मी ऐकलेली तक्रार निराळीच होती: प्रश्न विचारला की बायबलमधलं वचन फेकून मारतात. कडक उत्तरही ती मुलं ऐकून घेतात, वाद घालतात, पुढच्या रविवारी परत येतात. त्यामुळे तुमच्या ओळखीत कोणी पाळक असेल तर त्याला एवढंच सुचवा, महिन्यातून एकदा प्रवचनाऐवजी प्रश्न घ्या, चिठ्ठीवर, नाव न लिहिता.