बीटाची कोशिंबीर पहिल्यांदा करताय?

सुरुवात दह्यातल्या कोशिंबिरीनेच करा, फार काही बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते उकडण्याकडे, निम्मी चव तिथेच ठरते.

बीट मध्यम आकाराचं, हाताला कडक लागणारं घ्या. फार मोठं आतून जून निघतं. स्वच्छ धुवा, पण सोलू नका, चिरू नका. देठाचा बोटभर भाग आणि खालचं शेपूट तसंच राहू द्या. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो: आधी फोडी करून उकडतो आणि रंग, गोडवा दोन्ही पाण्यात जातं. कुकरला तीन-चार शिट्ट्या पुरतात. सुरी सहज आत गेली की झालं. साल मग अंगठ्याने नुसती ढकलली तरी सुटते.

आणखी या चुका टाळा:

- गरम बीटात दही घालणं. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर दही पातळ होतं.
- आंबट दही. ताजं आणि घट्टच हवं.
- मीठ आधी घालून ठेवणं. पाणी सुटतं, म्हणून पानं वाढताना घाला. दाण्याचं कूटही तेव्हाच.

वरून साजूक तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी. साखर घालण्याआधी चाखून बघा, बरेचदा लागतच नाही.

कच्च्या बीटाचे प्रकार सध्या राहू द्या, ही जमली की विचारा, सांगते. आणि दुसऱ्या दिवशी लघवीला गुलाबी छटा आली तर घाबरू नका, बीटाच्या रंगाने काहींना तसं होतं.