नव्या आजोबांना

भाऊ, नातू झाला, अभिनंदन! परभणीत माझी तीन नातवंडं अंगाखांद्यावर वाढली, म्हणून सुरुवातीचं तेवढं सांगतो.

लाडापोटी लेकराला मध चाटवू नका. 1 वर्षाच्या आत मध नकोच. 6 महिने फक्त आईचं दूध, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हातही वरचं पाणी लागत नाही. नवे आजी-आजोबा इथंच चुकतात. आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत सुनेला टोकू नका.

रोज ठरल्या वेळी त्याला जवळ घ्या, मोबाईल बाजूला ठेवून. माझी नात धोतराचा सोगा धरून उभी राहायला शिकली. पहिली पावलं तिनं बाजेपासून उंबऱ्यापर्यंत टाकली, मी समोरच बसलो होतो. अजून डोळ्यांपुढं आहे.

शाळेबिळेचं नंतर बोलू.