गाणं ऐकताना पावलं आपोआप ठेक्यात पडतात ती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हेडफोनवर गाणं लागलं की पावलं त्याच्या ठेक्यात पडतात, असं का होतं. आणि मुद्दाम जलद गाणी लावली तर चालण्याचा वेग वाढेल का. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदूच्या आजाराने चाल बिघडलेल्यांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर थोडं त्या बाजूला झुकेल. पण ठोक्याची खरी ताकद दिसते तीही तिथेच.

आधी त्या 'आपोआप'बद्दल. गाणं चालू आहे म्हणून पाऊल नेमकं ठोक्यावर पडतंच, असं नाही. 'ठेका धरून चाला' असं सांगितलं नाही तर बरेच जण आपल्याच लयीत चालत राहतात. फार तर वेग थोडा इकडे-तिकडे होतो. तुमची पावलं न सांगता जुळत असतील तर बहुधा गाण्याचा वेग मुळातच तुमच्या चालीजवळचा आहे. 2005 साली मॅकडुगल आणि मूर या संशोधकांनी लोकांच्या अंगावर यंत्रं लावून त्यांच्या रोजच्या हालचाली नोंदवल्या. चालण्याची लय सेकंदाला दोन पावलांच्या, म्हणजे मिनिटाला 120 च्या आसपास एकवटलेली दिसली, आणि वय, उंची, वजन यांचा तिच्याशी फारसा संबंध आढळला नाही. नाचायला लावणारी कितीतरी गाणीही याच वेगाच्या जवळपास असतात. अनेक देशांच्या सैन्यात संचलनाची चालही मिनिटाला 120 पावलांची असते. फ्रेंच फॉरेन लीजन ही फ्रान्सच्या सैन्यातली परदेशी सैनिकांची तुकडी मात्र 88 वर चालते, म्हणून पॅरिसच्या 14 जुलैच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या, संचलनात पायी तुकड्यांमध्ये त्यांना सगळ्यात शेवटी ठेवतात. मधे घातले असते तर मागच्यांचा खोळंबाच!

आता कारण. ठोका ऐकू आल्यावर पाय टाकायचा म्हटलं तर प्रत्येक पाऊल उशिरा पडेल, कारण आवाज कानात शिरून स्नायू हलेपर्यंत सेकंदाचा निदान दहावा हिस्सा तरी जातोच. प्रत्यक्षात तसं होत नाही. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरावीक वेगाने एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर, टेबलावर बोट आपटून बघा. बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच टेकतं. म्हणजे मेंदू ठोक्याची वाट बघत बसत नाही, दोन-चार ठोके ऐकून पुढचा कधी येणार ते धरून चालतो. स्वस्थ बसून नुसता ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचालीचे भाग कामाला लागतात, हे स्कॅनमध्ये दिसतं. थोडक्यात, ठोका पायाला ढकलत नाही. पुढचं पाऊल कधी टाकायचं ते आधी कळवतो, एवढंच त्याचं काम.

हे 'एवढंच' किती मोठं आहे ते पार्किन्सन्सच्या रुग्णाकडे बघून कळतं. या आजारात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाचं काम बिघडतं. सवयीच्या हालचाली मनात न आणता एकामागून एक सुरू करून देणं, हे त्या भागाच्या मोठ्या कामांपैकी एक. ते अडलं की पावलं आखूड होतात, पाय घासत जातात आणि कधी कधी चालता चालता माणूस जागीच थिजतो. दाराची चौकट हे थिजण्याचं नेहमीचं ठिकाण. आजोबा खोलीत बरे चालत येतात, उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात, टाचा उचलल्या जातात पण पाऊल पुढे पडत नाही, आणि वरचं अंग मात्र पुढे झुकत जातं. अशा वेळी घरचे 'चला, चला' म्हणत हाताला धरून ओढतात. ते करू नका, तोल जातो. मी शेजारी उभा राहून एकसारख्या लयीत 'एक... दोन... एक... दोन...' म्हणतो, त्यांना आधी जागच्या जागी डावी-उजवीकडे वजन टाकायला लावतो आणि मग पुढच्या 'एक'ला पाऊल टाकायला सांगतो. पुष्कळदा पाय सुटतो. आतून जी वेळ मिळत नव्हती ती बाहेरून मिळाली. शिवाय चालणं सवयीच्या वाटेवरून काढून लक्ष देऊन करायच्या वाटेवर आणलं. जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या तरी अनेकांना असाच फायदा होतो, म्हणजे आवाजच हवा असं नाही.

मायकेल थॉट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून रीतसर उपचारपद्धत बांधली. त्यांच्या 1996 च्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांनी तीन आठवडे ठोक्यावर चालण्याचा सराव केला. त्यांचा चालण्याचा वेग 25 टक्के आणि ढांगेची लांबी 12 टक्के वाढली. पक्षाघातानंतर एक पाय लंगडत असेल तर दोन्ही पावलांमधलं अंतर आणि वेळ सारखी करायलाही हा उपाय वापरतात. मात्र सगळ्यांनाच तो लागू पडत नाही. आजार फार पुढे गेलेला असेल किंवा विसराळूपणा जास्त असेल तर ठोका ऐकणं, मोजणं आणि चालणं ही तीन कामं एकदम झेपत नाहीत, आणि चाल उलट बिघडते. म्हणून घरात कोणाला पार्किन्सन्स असेल तर मोबाइलवर मेट्रोनोम लावून स्वतःच प्रयोग सुरू करू नका. आधी कोणाकडून तरी चाल तपासून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वेग वाढतो, पण जलद गाणं म्हणजे जलद चाल इतकं ते सरळ नाही. चालण्याचा वेग म्हणजे मिनिटाला किती पावलं गुणिले पाऊल किती लांब. ठोका पहिली गोष्ट ठरवतो, दुसरी गाण्याच्या स्वभावावर जाते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात मार्क लेमान यांच्या गटाने लोकांना मिनिटाला 130 ठोक्यांच्याच निरनिराळ्या संगीतावर चालवलं. ठोका तोच, पावलांची संख्या तीच, तरी काही तुकड्यांवर लोकांनी लांब ढांगा टाकल्या आणि काहींवर आखूड. त्याच विद्यापीठातल्या 2007 च्या अभ्यासात नुसत्या टिकटिकीपेक्षा संगीतावर लोक जलद चालले होते. म्हणून व्यायामासाठी कोरडा मेट्रोनोम मला तरी पटत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. निरोगी माणसाच्या पावलांची वेळ घड्याळासारखी नसते, ती बारीकशी कमी-जास्त होते आणि त्या चढउतारालाही एक ठेवण असते. हाउसडॉर्फ या संशोधकांच्या 1996 च्या प्रयोगात मेट्रोनोमवर चालवल्यावर ती ठेवण मोडली. आजारी माणसाला कुबडी द्यावी लागते, तुम्हाला कशाला?

करून बघायचं असेल तर आधी गाणं न लावता नेहमीसारखे चाला आणि अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ते मोजून दुप्पट करा. समजा 108 आली. मग 113 ते 118 ठोक्यांची गाणी निवडा, म्हणजे पाच-दहा टक्के जास्त. एकदम 135 ला उडी मारलीत तर पावलं आखूड होतील आणि धाप लागूनही अंतर फारसं कापलं जाणार नाही. ठेका ठळक हवा. ज्यांना ठेका पटकन पकडता येत नाही अशी माणसं अस्पष्ट ठेक्याच्या गाण्यावर पाऊल जुळवायला गेली की बिचकत, आखूड पावलं टाकतात, असं कॅनडात जेसिका ग्राह्न यांच्या गटाने दाखवलं आहे. तुमचं तसं होत असेल तर जुळवायचा हट्ट सोडा, आवडतं गाणं लावा आणि नुसते चाला.

आवडत्या गाण्याचा वेग 58 निघाला तरी चालेल, दर ठोक्याला दोन पावलं टाका, 116 होतात. आणि रस्त्याने चालणार असाल तर एक कान मोकळा ठेवा, कारण ठेक्यात रमलेला माणूस चौकातही थांबायला नाखूश असतो.