डबा खायचा कुठे?

(ही पत्रं आणि उत्तरं मार्च २०२२ मधली. करोनामुळे बंद असलेल्या शाळा तेव्हा नुकत्याच पुन्हा उघडल्या होत्या आणि मुलं वर्गात मास्क लावून बसत होती.)

नमस्कार बाई. माझी मुलगी पुण्यातल्या एका खासगी शाळेत तिसरीत आहे. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही सगळेच आनंदात होतो. पण मधल्या सुट्टीत मुलांना वर्गाबाहेर सोडत नाहीत. आपापल्या बाकावर, फळ्याकडे तोंड करून, न बोलता दहा मिनिटांत डबा संपवायचा असा नियम आहे. रस्त्यावरची धूळ येते म्हणून खिडक्या बंद असतात. मुलगी रोज अर्धा डबा परत आणते. आता काही पालक म्हणतात, डबाच बंद करा, मुलं घरून खाऊन येतील. शाळेने जपानमधली मुलं गप्प बसून जेवतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आहे. शनिवारी पालकसभा आहे. तिथे मी काय बोलू?
— एक आई, पुणे

ताई, सगळ्यात आधी खिडक्यांचं बोला. बाकीचं त्यानंतर.

मुलं दिवसभर मास्क लावून बसतात आणि तो उतरतो जेवताना. म्हणजे शाळेच्या अख्ख्या दिवसात सगळ्यात जपायची वेळ ही. नेमकी त्याच वेळी तीस-चाळीस मुलं बंद खोलीत बसवली तर सकाळपासून मास्क लावून जे साधलं ते तिथे घालवलं. करोना मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो. ते कण जड थेंबांसारखे लगेच खाली पडत नाहीत. हवा हलत नसेल तर उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरून राहतात. सगळ्यांनी फळ्याकडे तोंड केलं तरी मागच्या बाकापर्यंत जायचे ते जातातच. मुख्याध्यापकांना सुचवा, रिकाम्या वर्गात एकदा खिडक्या लावून उदबत्ती पेटवा आणि एकदा समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडून. दोन्ही वेळा धूर किती वेळात जातो ते सभेत पालकांच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. माझ्या अनुभवात अशा एका प्रयोगाने जेवढी माणसं ऐकतात तेवढी तासभराच्या भाषणाने ऐकत नाहीत.

खिडक्या उघडणं ही मात्र कमीत कमी गोष्ट. माझं खरं म्हणणं असं की डबा वर्गात नकोच, बाहेर उघड्यावर हवा. शहरातल्या शाळा लगेच म्हणतात, आमच्याकडे जागा नाही. जागा असते, ती दुसऱ्या कामाला लागलेली असते. मुलं आत गेल्यावर स्कूलबस उभ्या राहतात ती फरसबंदी, इमारतीखालचं खांबांवरचं पार्किंग, प्रार्थनेचं पटांगण, तळमजल्याचा लांब व्हरांडा. सगळे वर्ग एकदम सोडायचे नाहीत. पहिली-दुसरीची सुट्टी आधी, तिसरी-चौथीची वीस मिनिटांनी, म्हणजे आहे त्या जागेत बसतं. प्रत्येक वर्गाची जागा रोज तीच ठेवावी. उद्या एखादं मूल आजारी निघालंच, तर त्याच्याजवळ कोण बसलं होतं हे शोधावं लागत नाही. मुलांनी घरून बस्कर आणावं. मार्च लागला, ऊन तापतं, हे खरंच. पण साडेदहाच्या सुमाराला इमारतीची पश्चिमेकडची बाजू सावलीत असते, तिथे बसवा. तेवढ्यात भागत नसेल तर रोपवाटिकेत लावतात ती हिरवी जाळी चार बांबूंवर ताणता येते. गच्चीवर मात्र नाही, कठडा कितीही उंच असला तरी नाही.

यात नवं काही नाही. क्षयाला औषध नव्हतं त्या काळात, १९०४ साली, बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी जंगलात शाळा भरवली. धडे झाडांखाली आणि जेवणही बाहेर मांडलेल्या टेबलांवर. पुढे युरोप-अमेरिकेत अशा अनेक शाळा निघाल्या. आपल्याकडे प्लेगात गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहिली, हे माझी आजी सांगायची. प्लेगाची गोष्ट वेगळी होती, तो उंदरांच्या पिसवांतून पसरायचा, म्हणून घर सोडावं लागे. श्वासाच्या रोगाला तर मोकळी हवा थेटच उपयोगी पडते.

डबा बंद करण्याला सभेत ठाम विरोध करा. ज्या मुलांची व्हॅन साडेसहाला दारात येते, त्यांच्या पोटात त्या वेळी पोळीभाजी कशी जाणार? अर्धा कप दूध आणि दोन बिस्किटं खाऊन ती निघतात. ती मुलं दुपारी एकपर्यंत उपाशी बसली तर गणित शिकतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी लहान वर्ग सांभाळलेला नसतो. आणि बंदी घातली म्हणून मुलं खायची थांबत नाहीत. दप्तरातला खाऊ मग व्हॅनमध्ये खाल्ला जातो, काचा लावलेल्या, खेटून बसलेल्या व्हॅनमध्ये. त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

आता जपानबद्दल. तिथल्या शाळांत करोनाच्या काळात मुलं पुढे तोंड करून गप्प जेवायची, हे खरं आहे. त्याला ते ‘मोकुशोकु’ म्हणतात. पण त्या व्हिडिओतलं बाकीचंही बघा. तिथे मुलांना शाळेतच गरम, पूर्ण जेवण मिळतं. ते मुलंच एकमेकांना वाढतात, डोक्याला टोपी आणि अंगात पांढरा झगा घालून. शिक्षक त्याच वर्गात मुलांबरोबर जेवतात. तिथे जेवण हा शाळेच्या शिक्षणाचा भाग आहे. तुमच्या शाळेने त्यातलं गप्प बसणं तेवढं उचललं, आणि वेळ दिला दहा मिनिटं. तिसरीच्या मुलीला एक पोळी नीट चावून खायला तेवढा वेळ लागतो! पंचवीस मिनिटं मागा.

आणि तुमच्या मुलीचा हिशेब बघा. पहिली संपता संपता ती घरी गेली आणि तिसरी संपता संपता शाळेत परत आली. मधली सगळी शाळा मोबाईलवर. मैत्रिणीशेजारी बसून डब्यात काय आहे ते बघण्याचं, कोणाला कारलं आवडत नाही ते कळण्याचं हे वय. मोकळ्या हवेत, हातभर अंतर ठेवून, हळू आवाजात मुलं बोलली तर बोलू द्यावीत. आरडाओरडा नको, कारण मोठ्या आवाजाबरोबर श्वासातले कणही जास्त बाहेर पडतात. जेवणाआधीचा श्लोकही मास्क लावलेला असतानाच म्हणून घ्यावा, मग मास्क काढून पिशवीत ठेवावा, मग डबा उघडावा. ही छोटी गोष्ट बहुतेक शाळांत उलटी होते. डबे उघडलेले, मास्क गळ्यात आणि चाळीस मुलं एका सुरात.

तुमची मुलगी अर्धा डबा का परत आणते, ते तिलाच विचारा. वेळ पुरत नाही, भीती वाटते की एकटं जेवण जात नाही? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत सभेत सांगा.

*

बाई, माझा नातू पाचवीत आहे. पूर्वी चार मित्र डबे मध्ये ठेवून खायचे. आता सूनबाई म्हणते, कोणाचं काही घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. नातू ऐकतो, पण मला बरं वाटत नाही. तुमचं मत?
— एक आजोबा, नाशिक

आजोबा, सध्या सूनबाईंचं अर्धं ऐका. एकाच डब्यात चार हात आणि एकच चमचा हे नको, साध्या सर्दी-खोकल्याच्या दिवसांतही नको. पण सुरुवातीला आपण भाजी धुवत होतो, दुधाच्या पिशव्या पुसत होतो, तेवढी भीती वस्तूंची नाही हे आता कळलं आहे. भीती जास्त आहे ती बंद जागेतल्या हवेची. म्हणून डब्यात एक लहानशी वेगळी डबी द्या, तिच्यात कोरडा खाऊ, चार लाडू किंवा वड्या. जेवण सुरू व्हायच्या आधी, हात धुऊन, मास्क असतानाच नातवाने त्या मित्रांना द्याव्यात. त्याला घरी सांगताना ‘त्यांचं उष्टं, त्यांची घाण’ असले शब्द मात्र वापरू देऊ नका. साथ गेल्यावरही ते शब्द मुलांच्या तोंडात राहतील.

*

बाई, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पट तेवीस. शिजवलेला पोषण आहार पुन्हा सुरू करण्याच्या सूचना आल्या आहेत. पूर्वी आमची व्हरांड्यात एकच पंगत बसायची. आता काही पालक म्हणतात, अंतर ठेवायचंच आहे तर गावठाणातली मुलं एका बाजूला बसवा आणि वस्तीवरची दुसऱ्या बाजूला. कारण करोनाचं देतात. काहींचं म्हणणं, शिजवूच नका, कोरडा शिधाच चालू ठेवा. काय करावं?
— एक शिक्षक, पुणे जिल्हा

सर, माझी सगळी नोकरी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या अशाच शाळांत झाली, त्यामुळे हे पत्र वाचताना ते पालक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पहिल्या मागणीला नाही म्हणा. सौम्य आवाजात, पण पहिल्याच दिवशी. एकदा दोन पंगती बसल्या की त्या मोडायला वर्षं जातात.

युक्तिवादही सरळ आहे. अंतर दोन मुलांमध्ये ठेवायचं असतं. गावठाणातली बारा मुलं एका बाजूला खेटून बसली तर रोगाच्या दृष्टीने काय साधलं? काहीच नाही. तेव्हा पटांगणात झाडाखाली चुन्याने तेवीस गोल आखा, दोन मोठ्या पावलांच्या अंतराने, आणि त्यात आकडे घाला. सोमवारी चिठ्ठ्या काढायच्या, ज्याला जो आकडा येईल तो त्याचा आठवडाभर. चिठ्ठ्या मुलांनीच काढाव्यात. आकड्यांचा कागद हजेरीच्या वहीत ठेवा, म्हणजे कोण कोणाजवळ बसलं याची नोंद आपोआप राहते. हा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेऊन इतिवृत्तात लिहा. तरीही कोणी अडून बसलं तर त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता पाळायला बंदी आहे हे स्पष्ट सांगून या. शाळेतली खिचडी पोटासाठी आहे, तशीच ती सगळ्यांनी एकत्र बसून खाण्यासाठीही आहे.

दुसऱ्या मागणीचं म्हणाल, तर कोरड्या शिध्याचा अनुभव आपल्याला करोनाच्या आधीपासून आहे. १९९५ साली ही योजना आली तेव्हा आम्ही महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ मोजून द्यायचो. तो तांदूळ घरी जाऊन घरच्या मोठ्या पातेल्यात पडायचा आणि पाच-सहा तोंडांत वाटला जायचा. त्यात आईबापांचा काही दोष नव्हता, घरात सगळेच भुकेले असायचे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं की मुलांना शाळेत शिजवलेलं अन्न द्या. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याच न्यायालयाने मुलांच्या जेवणाची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांकडून तांदूळ-डाळी-कडधान्यं घरी जाऊ लागली. शाळाच बंद, तेव्हा ते योग्यच होतं. आता शाळा उघडली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि त्याबरोबर डाळ-भाजी, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब त्या मुलाच्या ताटात पोचतो तो शाळेत शिजलं तरच. दोन वर्षांत ज्यांच्या घरची मजुरी बुडाली, त्यांच्या मुलांची वजनं करून बघा, म्हणजे वाद घालायची गरज उरणार नाही.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे विशेष लक्ष द्या. लशीचे दोन्ही डोस झालेत ना, तोंडावर मास्क आहे ना, हे तर बघाच. पण आज, २०२२ साली, त्यांना महिन्याला दीड हजार रुपये मानधन मिळतं. ताप आला असं सांगितल्यावर त्यातले पैसे जाणार असतील तर ताप आलाय हे त्या सांगणार नाहीत, आणि त्यांना नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही. तेव्हा आजारपणात बदली बाई कोण, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे दोघींनाही कसे द्यायचे, हे समितीकडून आधीच ठरवून घ्या. वाढताना मुलांची रांग पातेल्यापाशी नको. मुलं गोलात बसलेली असू द्यात, ताईंनी बादली घेऊन फिरावं.

गर्दी होते ती खरी हात धुताना. एकाच नळावर तेवीस मुलं म्हणजे ढकलाढकली, ओरडणं, आणि मास्क तोवर हनुवटीखाली आलेले. तोटी लावलेल्या दोन बादल्या ओट्यावर ठेवा, पाच-पाच मुलं सोडा. साबण नायलॉनच्या जाळीत बांधून टांगा, नाहीतर कावळे नेतात.

उन्हाळ्यात झाडाखाली निभेल, सकाळची शाळा असेल तर ऊन तापायच्या आत जेवणं होतील. अडचण जूननंतर आहे. पाऊस लागला की सगळे पुन्हा व्हरांड्यात आणि वर्गात दाटीने बसतील. म्हणून १ मेच्या ग्रामसभेत शेडचा विषय आतापासूनच लावून घ्या. तिन्ही बाजू उघड्या, एका बाजूला शाळेची भिंत, वर पत्रा, आणि तो उंच घ्या म्हणजे तापणार नाही. ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी येतो. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो, त्यामुळे हात धुण्याच्या नळांची ओळ त्यात नक्की बसते. शेडसाठी उरलेल्या भागातून मागा. अर्जासोबत पट, जागेचं माप आणि पंगतीचा एक फोटो जोडा. ग्रामसेवकांकडे प्रत देऊन पोच घ्यायला विसरू नका.