शिवार, शीव आणि सीमा: येळ्ळूरच्या रानातून

बेळगावजवळचं येळ्ळूर हे ज्यांचं आजोळ, अशा एका वाचकाचा प्रश्न आहे. "आजी कायम 'मामा शिवारात गेलाय', 'शिवेवरचं रान' असं बोलायची. गावात सांगतात की वर राजहंसगडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, म्हणून त्या शिवाच्या नजरेखालची जमीन ती शिवार. पुण्यातला मित्र म्हणतो, शब्द शिवरायांवरून आला. खरं काय? आणि लिहायचं कसं, शिवेवर की शीवेवर?"

दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण शब्दाचा महादेवाशी संबंध नाही आणि महाराजांशीही नाही. शिवार हे शीव या शब्दाच्या घरातलं, आणि शीव म्हणजे संस्कृतातली सीमा. ज्या सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचत तुमची आजोळची तीन पिढ्या माणसं म्हातारी झाली, त्यातली 'सीमा' आणि आजीची 'शीव' हा एकच शब्द. एक पोथीतून आला, दुसरा बांधावरून चालत.

चालताना त्याचं रूप बदललं ते असं. दोन स्वरांमधला संस्कृत 'म' प्राकृत-अपभ्रंशातून येताना नाकातला 'वँ' झाला आणि मराठीत 'व' उरला. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव, आमलकाचा आवळा, श्यामलाचा सावळा. जुन्या छापील पुस्तकांत गांव, नांव असे अनुस्वार दिसतात, ते या गेलेल्या 'म'ची खूण म्हणून होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. शीवही पूर्वी शींव अशीच लिहिली जायची. राहिला 'स'चा 'श'. इ, ई, ए यांच्या आधीचा 'स' मराठी जिभेला पेलत नाही, ती त्याचा 'श' करते. सीसकाचं शिसं, सिंदूराचा शेंदूर. म्हणजे शेंदूर फासलेला शिवेचा दगड बघाल, तेव्हा त्या दगडाच्या आणि त्यावरच्या रंगाच्या नावात एकच नियम लागलेला असतो.

(कपडे शिवणं आणि हाताने शिवणं यांचा इथे काही संबंध नाही. तेही दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत.)

शीव ही रेघ, शिवार हा तिच्या आतला पसारा. जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग असतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरं, देऊळ, चावडी असलेली वस्ती. काळी म्हणजे कसायची जमीन. शिवार ते काळीचं. म्हणून 'शिवारात गेलाय' म्हणजे गावाच्या हद्दीतच, पण घरी नाही. वस्तीला शिवार म्हणत नाहीत. बेळगावची मराठी वर्तमानपत्रं हा शब्द आजही बातमीत सहज वापरतात: येळ्ळूर शिवार, वडगाव शिवार, शहापूर शिवार. पावसाळ्यात बेळ्ळारी नाला फुगला की याच शिवारांतलं भात पाण्याखाली जातं. इकडे महाराष्ट्रात बहुतेक शहरी लोकांना शिवार आठवतं ते 'जलयुक्त शिवार' या सरकारी योजनेमुळे, किंवा हुरड्याच्या जाहिरातीत. शब्द जिवंत ठेवायचा तर त्यात चिखल लागतो, असं आपलं माझं मत.

मी एकदा सुगीच्या दिवसांत त्या बाजूला गेलो होतो. भात कापून पेंढ्या पसरल्या होत्या, मोकळ्या वाफ्यात मसूर टाकायची घाई चालली होती. रस्त्याकडेला एक वयस्क गृहस्थ विळा कनवटीला खोचून उभे होते. त्यांना विचारलं, "मामा, येळ्ळूरची शीव कुठवर?" त्यांनी हात करून दाखवलं, "त्यो बांद दिसतोय न्हवं, तितंवर आमचं. पल्याड धामण्याचं शिवार." मला मात्र पलीकडचं भात आणि अलीकडचं भात यांत काही फरक दिसेना. "दगड हाय की तितं," ते म्हणाले, "गवत वाढलंय म्हणून दिसंना झालाय."

गवत वाढलं की शीव दिसत नाही, ही तक्रार भलतीच जुनी आहे. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायात दोन गावांच्या सीमेचा वाद कसा सोडवायचा ते सांगितलंय. वाद ज्येष्ठ महिन्यात बघावा, कारण तेव्हा खुणा उघड्या पडलेल्या असतात. खूण म्हणून झाडं लावावीत, आणि शिवाय हाडं, कोळसा, कोंडा, राख, खापरं असलं काहीतरी जमिनीत पुरूनही ठेवावं. साक्षीदार न मिळाले तर गुराखी, पारधी, कोळी, कंदमुळं खणणारे, गारुडी अशा रानात फिरणाऱ्यांना विचारावं. साक्ष देणाऱ्याने डोक्यावर माती घ्यावी, गळ्यात माळ घालावी, तांबडी वस्त्रं नेसावी. मराठी मुलखातही शिवेच्या तंट्यात हीच चाल दिसते. गोत, म्हणजे गावच्या वतनदारांची सभा, बसायचं, आणि शीव कुठून जाते ते शपथेवर चालून दाखवायचं काम पुष्कळदा महार वतनदाराकडे यायचं. गावाची शीव राखणं हे त्याचंच काम, त्यामुळे त्याचा शब्द पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदावर भारी पडायचा. गावाने ज्याला शिवेजवळ ढकलून ठेवलं, त्याच्याच पावलांवर गावाची जमीन ठरायची.

आता येळ्ळूरच्या इतिहासाकडे येतो, कारण शीव आणि सीमा हे दोन सख्खे शब्द तिथेच एकमेकांसमोर उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. सीमाभागात तो दिवस तेव्हापासून काळा दिवस म्हणून पाळतात. १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने पुढच्या वर्षी २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राने ते नाकारलं. ८६५ गावांच्या मागणीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

महाराष्ट्राची मागणी ज्या चार सूत्रांवर उभी आहे, त्यातलं पहिलं आहे 'खेडे हा घटक'. बाकीची तीन म्हणजे भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. शब्दांच्या माणसाला यातलं पहिलं सूत्र फार महत्त्वाचं वाटतं. खेडं घटक धरलं की राज्याची सीमा नकाशावर पट्टीने ओढता येत नाही. ती गावांच्या शिवा जोडत, बांधाबांधाने वाकडी जाते. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने गेलात तर बाची लागतं आणि लगेच शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात. दोन राज्यांची सीमा तिथे दोन शेजारी गावांच्या शिवेवर येऊन बसली आहे.

येळ्ळूरचं नाव देशभर छापून आलं ते जुलै २०१४ मध्ये. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक गावाच्या वेशीत कित्येक वर्षं उभा होता. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो पाडला, गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, तो परत पाडला गेला आणि पोलिसांच्या लाठ्या घराघरांत शिरल्या. त्या दिवसांत काही ठिकाणी 'शिवेवरचा फलक' असं लिहिलेलं वाचलं. ते चूक. वेस म्हणजे वस्तीत शिरायचा दरवाजा, पांढरीचं दार. शीव म्हणजे काळीची कड. दोन्हींच्या मध्ये सगळं शिवार पसरलेलं असतं, चालत जायला अर्धा-पाऊण तास लागतो. हद्द अरबीतून आली आणि कचेरीत रमली: पोलीस ठाण्याची हद्द, नगरपालिकेची हद्द. सरहद्द देशाची, तिथे सैनिक असतात. शिवेवर फार तर म्हसोबा.

पलीकडच्या भाषेतही हा शब्द गेलाय, पण वेगळ्या वाटेने. वादाच्या सीमेला कन्नडमध्ये 'गडी' म्हणतात. 'सीमे' हाही शब्द कन्नडमध्ये आहे, पण त्याचा अर्थ मुलूख, प्रांत असा होत होत दूरचा देश इथवर पोचला. म्हणून रॉकेलला तिथे 'सीमे एण्णे' म्हणतात, विलायतेहून आलेलं तेल. आपली सीमा बांधावर थांबली, त्यांची समुद्र ओलांडून गेली. गावाच्या नावातलं 'ऊर' मात्र कन्नडच. आत बोलतात मराठी, आणि यात तिथल्या कोणाला काही विचित्र वाटत नाही.

तुमच्या घरात सीमा आणखी दोन ठिकाणी दडलेली आहे. दसऱ्याला बेळगाव-कोल्हापूरकडे 'शिलंगणाला जातात' ते सीमोल्लंघन. गावाची शीव ओलांडून जायचं आणि सोनं लुटून परत यायचं, यातला 'सीमोल्लं' जिभेने कधीच चेपून टाकला. दुसरं लग्नातलं सीमांतपूजन. वऱ्हाड गावाच्या शिवेपाशी आलं की वधूपक्षाने सामोरं जाऊन नवरदेवाचे पाय धुवायचे, हा तो विधी. आता तो कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी उरकतात. शीव राहिली नाही, तेव्हा लोकांनी ऐकू येईल तो अर्थ लावला आणि त्याचं 'श्रीमंतीपूजन' केलं. आहेराची ताटं बघता नाव अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. तुमच्या गावाने शिवारात शिव शोधला तोही याच जातीचा प्रकार.

लेखनाचं विचारलंत, तर मूळ शब्द शीव, दीर्घ, स्त्रीलिंगी. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: जीभ, जिभेवर, वीट, विटेवर, तशी शीव, शिवेवर. अनेकवचन शिवा. शिवार ऱ्हस्वच. सरकारी कागदांत 'शिव रस्ता' असतं, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा. मी ते 'शीवरस्ता' लिहीन, नाहीतर वाचणारा पुन्हा महादेवाकडे जायचा. मुंबईतल्या शीव स्टेशनच्या पाटीवर दीर्घ आहे, ते बरोबर. मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेचं साष्टी बेट यांची ती शीव. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत तिच्या एका अंगाला इंग्रज होते आणि दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज.

त्या दिवशी निघताना मी मामांना शिनोळीचा रस्ता विचारला. "सरळ जावा," ते म्हणाले, "बाची झाली की बॉर्डर."