आधी कंट्रोलर बदलू नका! छोट्या रेल्वेवाल्यांचे प्रश्न

यावेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर घसरलेत, घरातली मॉडेल रेल्वेची गाडी नीट चालत नाही आणि दुकानदार किंवा ओळखीचा कुणीतरी म्हणतो नवीन कंट्रोलर (रुळाला वीज देणारी, वेगाचा नॉब असलेली डबी) घ्या. घ्या हो, पण आधी हे वाचा.

प्रश्न: भावाने अमेरिकेहून मुलासाठी एचओ स्केलचा (एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप) ट्रेन सेट आणलाय. अ‍ॅडॉप्टरवर १२० व्होल्ट लिहिलंय. भाऊ म्हणतो पिन बदलणारं कनेक्टर मिळतं ते लाव आणि सुरू कर, लॅपटॉपचा चार्जर चालतोच ना तसा. लावू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नका लावू! भावाला सांगा सेट मस्त आहे, सल्ला नको. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो दोन्हीकडे चालेल असाच बनवतात. ट्रेन सेटबरोबर येतो तो बऱ्याचदा जुन्या पद्धतीचा, आत लोखंडी पट्ट्या आणि तांब्याचं वाइंडिंग, हातात घेतला की जड लागतो ना तोच. त्याला आपले २३० व्होल्ट दिले की आधी जोरात गुणगुणतो, मग तापतो, आणि आतला थर्मल फ्यूज उडाला तर नशीब समजायचं. डबी चिकटवून बंद केलेली असते त्यामुळे फ्यूज बदलायचा तर ती फोडावी लागते, ते घरी करू नका.

करायचं काय, तर २३० चे ११० करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणा. अमेरिकेहून मिक्सर आणणारे लोक वापरतात तोच पण तेवढा मोठा नको, या खेळण्याला जेमतेम १५-२० वॅट लागतात त्यामुळे १०० वॅटचा भरपूर झाला. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका स्वस्त कन्व्हर्टर मात्र घेऊ नका, तो वेव्हच कापून देतो आणि असल्या ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही. तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर थोडा जास्त कोमट होईल, तेवढं चालतं, फक्त खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. आणि जपानहून सेट आणणाऱ्यांनो, तिकडे १०० व्होल्ट असतात, तेव्हा तुम्हालाही हेच लागू, फक्त स्टेपडाऊन १०० चा बघा.

इथलाच अ‍ॅडॉप्टर घ्यायचा असेल तर जुन्यावर आउटपुटपुढे एसी आहे की डीसी ते बघा. कित्येक सेटमध्ये अ‍ॅडॉप्टर एसी देतो आणि त्याचं डीसी नॉबच्या डबीत होतं. व्होल्ट जुळले, पिनही बसली, म्हणून काहीही खुपसू नका.

प्रश्न: कोथरूडचं जोशींचं रेल्वे म्युझियम बघून आल्यापासून घरात सगळ्यांनाच खूळ लागलंय, आठ बाय चारच्या प्लायवर ओओचे (हेही मॉडेल रेल्वेचं एक माप) दोन गोल टाकलेत. कंट्रोलरजवळ इंजिन पळतं आणि पलीकडच्या बाजूला गेलं की रांगतं. दुकानदार म्हणतो जास्त पॉवरचा कंट्रोलर घ्या.
– पुणे

उत्तर: पैसे वाचवा. तुमच्या सोसायटीत टाकीपासून लांबच्या नळाला पाणी बारीक येतं तसलाच प्रकार आहे, टाकी मोठी करून उपयोग नाही. रुळाचे तुकडे पत्र्याच्या छोट्या फिशप्लेटने जोडलेले असतात आणि त्या ढिल्या झाल्या, काळ्या पडल्या की प्रत्येक जोडाला थोडे थोडे व्होल्ट गळतात.

मल्टिमीटरने तपासा, पण इंजिन चालू असताना. नुसत्या रुळावर मीटर लावलं तर सगळीकडे १२ दाखवेल आणि तुम्ही म्हणाल सगळं बरोबर आहे, कारण करंटच वाहत नाहीये तर गळणार कुठून. इंजिन पलीकडे नेऊन हाताने हलकेच धरा, चाकं घसरू द्या, आणि दोन सेकंदात रीडिंग घ्या. मग तेच कंट्रोलरजवळ. दोन व्होल्टचा फरक आला तरी वेग पडलेला डोळ्याला दिसतो.

इलाज स्वस्तातला आहे. प्लायच्या खालून घराच्या वायरिंगची दीड एमएमची एक लाल आणि एक काळी वायर सगळीकडे फिरवा आणि दर मीटर-सव्वा मीटरवर तिच्यापासून बारीक वायर वर काढून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा. लाल कायम बाहेरच्या रुळाला म्हणजे बाहेरच्याच, एक जरी उलटी लागली की सरळ शॉर्ट. दोन गोलांना दोन कंट्रोलर असतील तर प्रत्येकाची लाल-काळी वेगळी, आणि दोन गोल सांध्यांनी (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात ते) जोडलेले असतील तर मधे प्लॅस्टिकच्या फिशप्लेट टाका. नाहीतर एक कंट्रोलर दुसऱ्याच्या अंगात वीज ढकलतो आणि दिशा उलट असतील तर व्होल्टेजची बेरीज होते.

प्रश्न: आमच्याकडे हवा दमट, वडिलांच्या वेळचे रूळ आहेत. इंजिन ठिणग्या टाकतं, हळू चालवलं की थांबतं. नॉब जास्त फिरवून ठेवला तर चालतं, तसंच चालवू का?
– मालवण

उत्तर: नको. ठिणगीने रूळ अजून काळे होतात आणि मग तुम्ही नॉब अजून फिरवता, याला अंत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, सुती फडक्यावर घेऊन रूळ आणि इंजिनची चाकंही पुसा. सॅंडपेपर लावू नका, ओरखड्यांत घाण जास्त बसते. रुळाला चुंबक लावून बघा, चिकटला तर ते पोलादी आहेत आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात गंजणारच. थोडे थोडे करून निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्तच असतं.

प्रश्न: मी सातवीत आहे. मला स्वतः कंट्रोलर बनवायचा आहे. बाबा म्हणतात नऊ व्होल्टची बॅटरी लाव.
– सांगली

उत्तर: बाबांची बॅटरी पहिल्याच दिवशी दम टाकेल, तू बनवच! पण घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, त्यासाठी तयार १५ व्होल्ट डीसी, एक-दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणायचा. पुढचं सगळं कमी व्होल्टचं आहे.

एलएम३१७ नावाची, व्होल्ट हवे तेवढे करून देणारी तीन पायांची आयसी मिळते. छापलेली बाजू तुझ्याकडे धरलीस तर डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट असे पाय येतात. इनपुटला अ‍ॅडॉप्टरचा प्लस. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टच्या मधे २४० ओहमचा रेझिस्टर, अ‍ॅडजस्टपासून मायनसपर्यंत २.२ के (म्हणजे २२०० ओहम) चं पोटेन्शिओमीटर, तोच तुझा स्पीडचा नॉब. सूत्र आहे १.२५ × (१ + दुसरा रेझिस्टर ÷ पहिला), मांडून बघ, जास्तीत जास्त १२.७ येतात. आणि कमीत कमी १.२५, म्हणजे शून्य होत नाही, पण तेवढ्यावर बहुतेक इंजिनं जागची हलत नाहीत.

दिशा बदलायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच घे, मधे ऑफ असलेला. मधले दोन पाय रुळाला, एका टोकाच्या दोघांना प्लस-मायनस, दुसऱ्या टोकाला त्याच दोन वायरी तिरक्या नेऊन उलट्या. गाडी थांबवूनच स्विच मारायचा, वेगात मारलास तर गिअर झिजतात.

आता तापण्याचं. अ‍ॅडॉप्टर १५ देतोय, रुळाला ५ चालू आहेत, इंजिन ०.४ अँपिअर घेतंय, तर उरलेले १० व्होल्ट गुणिले ०.४ म्हणजे ४ वॅट त्या एवढ्याशा आयसीत उष्णता होऊन बसतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, लागणारच. त्या आयसीची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते म्हणून हीटसिंक कशालाही टेकू द्यायचा नाही. शेवटी रुळाकडे जाणाऱ्या एका वायरीत दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाक, डबा घसरून शॉर्ट झाला की बल्ब पेटतो आणि बाकी सगळं वाचतं. मला तर महागड्या कंट्रोलरच्या ओव्हरलोडच्या दिव्यापेक्षा हा बल्ब जास्त आवडतो. झालं की फोटो पाठव.

प्रश्न: सेकंडहँड इंजिन घेतलं, आत डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, एकाच रुळावर प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देण्याची पद्धत) डिकोडर आहे. माझ्या साध्या कंट्रोलरवर अर्धा नॉब फिरेपर्यंत ढिम्म आणि मग एकदम सुसाट. डीसीसी कंट्रोलर घ्यावा का? जुनी इंजिनं त्याच्यावर चालतील?
– डोंबिवली

उत्तर: इंजिन बिघडलेलं नाहीये. साध्या पद्धतीत रुळावरचे व्होल्ट म्हणजेच वेग. डीसीसीत रुळावर कायम १४-१६ व्होल्ट असतात, दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते, आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप लपवलेला असतो, अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर एक, साधारण १०० चा असेल तर शून्य. डिकोडर ते वाचतो आणि मोटरला किती द्यायचं ते ठरवतो. साध्या डीसीवर त्याला जागं व्हायलाच पाच-सहा व्होल्ट लागतात म्हणून तुमचा अर्धा नॉब फुकट जातो. तुमचा कंट्रोलर पल्स देणारा, म्हणजे वीज सलग न देता तुकड्यातुकड्याने देणारा, असेल तर डिकोडर अजूनच गोंधळतो.

एकच असलं इंजिन असेल तर डिकोडर काढून त्या सॉकेटमध्ये ब्लँकिंग प्लग (रुळाची वीज थेट मोटरला नेणारा) लावा, साध्या कंट्रोलरवर मस्त पळेल. दोन-तीन गाड्या एकाच रुळावर वेगवेगळ्या चालवायच्या असतील तरच डीसीसीत पडा. तेव्हा पत्ता (डिकोडरचा ओळख नंबर) ३ टाकून बघा, नवीन डिकोडर त्याच पत्त्यावर येतात. आधीच्या मालकाने बदलला असेल तर सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरच्या सेटिंगचा खण) ८ लिहिलं की बऱ्याच डिकोडरचं सगळं मूळपदावर येतं.

जुनी बिनडिकोडरची इंजिनं काही कंट्रोलर पत्ता शून्यवर चालवतात खरी, पण उभी असतानाही मोटर किंचाळते आणि तापते, कोअरलेस (फिरणाऱ्या वाइंडिंगमध्ये लोखंड नसलेली) मोटर तर जळतेच. मी चालवत नाही. आणि जुना कंट्रोलर नि डीसीसी एकाच रुळाला एकदम कधीही जोडू नका, गंमत म्हणूनसुद्धा.

प्रश्न: टोकाला रूळ गोल फिरवून परत त्याच लाइनला सांध्याने जोडलाय. जोडल्या क्षणी कंट्रोलरचा लाल दिवा लागतो, साधाच कंट्रोलर आहे.
– नाशिक

उत्तर: डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडलाय, शॉर्ट होणारच. गोलाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लॅस्टिकच्या फिशप्लेट टाका, मधला तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा ठेवा. तो तुकडा थेट कंट्रोलरला जोडा आणि मेन लाइन वर सांगलीच्या पोराला सांगितलाय तसल्या डीपीडीटीमधून. गाडी आख्खी गोलात आली की चालू गाडीतच मेनचा स्विच उलटा आणि सांधा दुसऱ्या बाजूला करा, ती न थांबता बाहेर पडेल. गाडी आत घ्यायची ती दर वेळी गोलाच्या त्याच बाजूने.