एसी चालू, खिडकी सताड उघडी

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर एक रशियन जोडपं भाड्यानं राहतं. माणसं सज्जन, चपला दारातच काढतात, भाडं वेळच्या वेळी. पण दिवसभर एसी चालू आणि खिडकीही उघडी! लाईट बिल भाड्यातच धरलंय, म्हणजे भुर्दंड मला. सांगितलं की नुसतं हसतात. मुद्दाम करतात का?
– एक घरमालक, मांद्रे

उत्तर : मुद्दाम कसलं, सवय हो! मी मॉस्कोत शिकायला होते तेव्हा पाचमजली, बिनलिफ्टच्या इमारतीत राहायचे. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात, १९५७ नंतर, अशा इमारती देशभर धडाधड उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर एवढंसं, की एकीनं पोळ्या लाटायच्या तर दुसरीनं बाहेर थांबायचं. पण खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. त्यातलं गरम पाणी वीजकेंद्रातून नळांनी अख्ख्या वस्तीला येतं. सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांखाली राहिलं की हीटिंग सुरू. ते शहर ठरवणार, घरातला माणूस नव्हे. आमच्या रेडिएटरला तर कमी-जास्त करायला कॉकच नव्हता. बाहेर बर्फ नि आत घामाच्या धारा! मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडायची. त्यांच्या भाषेत फोर्तोच्का. बऱ्याच जुन्या इमारतींत हीटिंगचे पैसे घराच्या क्षेत्रफळावर; झडप उघडी ठेवा नाहीतर बंद, बिल तेवढंच. (उन्हाळ्यात मात्र नळांच्या देखभालीसाठी गरम पाणीच बंद, कधीकधी पार १४ दिवस. तेव्हा पातेल्यात पाणी तापवायचं.)

तुम्हीही त्यांना वीज ठोक रकमेतच दिलीत. मग ते खिडकी कशाला लावतील? इलेक्ट्रिशियनला बोलावून वरच्या मजल्याला सबमीटर बसवा, खर्च तुमचा. चालू करार संपेपर्यंत कळ काढा, नव्या करारात भाडं थोडं उतरवून वीज युनिटप्रमाणे वेगळी लिहा आणि दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग त्यांच्यासमोरच घ्या. बंद खोलीत त्यांना गुदमरतं, ते खोटं नाही. सकाळी तासभर एसी बंद करून खिडक्या उघडा, एवढंच सुचवा.

पंख्याचा आग्रह मात्र नको. उणे १५ मध्ये झडप उघडणारी ही माणसं घरातल्या झुळकेला भितात. पाठीला वारा लागला की मान धरते, असं आमची तिथली घरमालकीण मला जूनमध्येही बजावायची.